पट्ट्यांवरचा बुळबुळीत थर

मी समुद्राचं काम करते म्हटलं की आमच्या कांचघर मोहल्ल्यातले शेजारी आधी हसतात. जबलपुरात कुठला आलाय समुद्र? नाहीच आला, म्हणून तर मी तो डब्यात भरून आणते. पत्त्याएवढ्या पोलादी पट्ट्या कोकणातल्या एका धक्क्याखाली दोरीला टांगायच्या, महिनोन् महिने बुडवून ठेवायच्या, आणि त्यांच्यावर कोण राहायला आलं ते पाहायचं. पहिल्या दिवशीच जिवाणू येऊन चिकटतात, अंगाभोवती डिंकासारखं काहीतरी सोडतात. त्या चिकट्यात दुसरे येतात, त्यांच्याखाली तिसरे, ज्यांना हवाच सोसत नाही. त्यातलेच काही हळूहळू लोखंड पोखरतात. आमच्या मोहल्ल्यासारखंच सगळं, एकानं जागा धरली की पाठोपाठ अख्खं गणगोत हजर.

माझी पीएचडी त्या चिकट्यावर होती. पट्टी काय, बाजारात मिळते.

शेवटच्या पट्ट्या घेऊन मी आले तो नेमका रविवार. विभागाला कुलूप. डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, आईला म्हटलं, "याला हात नको लावू बरं," आणि मेल्यासारखी झोपले. बाबा तेव्हा पनागरचा मटार आणायला बाजारात गेले होते.

बाबा सरकारी कारखान्यात जन्मभर तपासणीवर होते. लोखंडावर एवढासा डाग दिसला की माल परत. निवृत्त झाल्यापासून तपासायला घरात आई आणि मी दोघीच उरलो होतो, आणि आम्ही काही त्यांच्या हाती लागत नव्हतो.

मी उठले तर अंगणात वर्तमानपत्रावर माझ्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या. लखलखीत! शेजारी घासून काळे झालेले रेगमालाचे, म्हणजे सँडपेपरचे, तुकडे आणि तेलाची कुपी.

"उठली का बेटा? काहून इतकं खराब होऊ दिलं होतं? डबा उघडला तं सडक्या अंड्याचा वास! आपल्या घरात अंडं! मी म्हटलं, चलो, पोरगी थकली आहे, आपणच करून देऊ." आणि शाबासकीसाठी ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

माझा राग म्हणजे राग. "अहो बाबा, काय करून बसलात! ती घाणच तर माझं काम होतं! वर्षभर समुद्रात वाढवलेली! पुसून टाकलं तुम्ही माझं वर्ष!" मग मी भोकाड पसरलं, शेजारीण डोकावेपर्यंत. बाबा रेगमालाचे तुकडे गोळा करून आत गेले.

त्यानंतर अबोला असा नव्हता, पण बाबांचा आवाजच गेला. जेवायला बोलावलं की यायचे, वाढलं तेवढं खायचे. माझा राग काही उतरला नव्हता, तरी त्यांच्या ताटात मी एक पोळी जास्तीची टाकायचे. माझे मार्गदर्शक म्हणाले, नव्यानं बुडवा, वर्ष जाईल. गेलं तर गेलं, करता काय?

एक दिवस मागच्या नळापाशी झाकलेली बादली दिसली. उघडली, तर पाण्यात सुतळीला माझ्या पट्ट्या टांगलेल्या. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"नर्मदेचं पाणी आहे. मीठ टाकलं त्यात, अंदाजानं. रोज पाहून राहिलो मी. कालपासून थोडं चिकट लागते." मग हळूच म्हणाले, "चालेल का गं?"

मला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण या माणसानं जन्मात कधी खोटा माल पास केला नव्हता.

"नाही चालणार, बाबा. त्याला समुद्रच लागतो."

"अच्छा." त्यांनी सुतळी वर ओढून पट्ट्या निथळायला धरल्या. "मग तिकिटं काढ. दोन."

पट्ट्या बुडवण्याआधी घासून अगदी स्वच्छ कराव्या लागतात. ते काम मी त्यांनाच दिलं. तेल तेवढं लावू दिलं नाही. ते दिवसभर अंगणात बसून घासायचे, एकेक पट्टी उन्हात फिरवून पाहायचे, पसंत पडली नाही की पुन्हा घासायचे. आई म्हणाली, "चला, घरात माणूस परत आला बापा."

धक्क्यावर बाबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही ओझरता. सगळं लक्ष दोरीच्या गाठींकडे. पट्ट्या एकेक करून पाण्यात उतरू लागल्या, खाली जाता जाता चमकत होत्या. शेवटची सोडताना त्यांचा हात अडला. अंगठ्यानं त्यांनी ती पुसली, एकही डाग नाही ना ते पाहिलं, आणि वाकून तिला म्हणाले, "जा माय. आता चांगली खराब हो."