पाठमोरा उभा राहा

अख्ख्या जालना जिल्ह्यात माणसाच्या तोंडावर सगळ्यात कमी विश्वास कुणी ठेवला असेल, तर तो आमच्या गेटवरच्या काकांनी. तोंड नुसतं दाखवायला दिलेलं असतं, खरा माणूस पाठीत राहतो, असं त्यांचं पक्कं मत. एमआयडीसीतल्या आमच्या सळयांच्या कारखान्यात बिहार, झारखंड, नेपाळ, कुठून कुठून माणसं कामाला येतात. आलेला माणूस कागदावरचाच आहे का, त्याला इथं काम करायची मुभा आहे का, हे बघणं मालकाच्या माथी असतं. आमच्या मालकांनी ते काकांच्या माथी मारलं होतं. शेजारच्या एका कारखान्यातून खोट्या कागदांवर लागलेली माणसं पोलिसांनी गाडीत घालून नेली, तेव्हापासून तर काकांच्या सहीशिवाय गेटमधून चिमणीसुद्धा आत येत नसे. काका आधार कार्ड बघत, पोलिसांचा दाखला बघत, नेपाळचा असला तर त्याचा नागरिकत्वाचा कागद उजेडाकडे धरून बघत. इथपर्यंत ते चार लोकांसारखेच. त्याच्यापुढं जे करत, ते मी अजून कुठं बघितलेलं नाही, आणि खरं सांगतो, परत बघायची छातीही नाही.

मे महिन्यात, भट्टीची धग गेटपर्यंत येत असताना, हा माणूस अंगात खाकी स्वेटर घालून बसायचा. पाठ कायम भिंतीला टेकलेली. त्यांच्या मागून कुणी गेलेलं त्यांना चालत नसे. मालक मागून आले तरी हे खुर्चीसकट फिरायचे. चहा बशीत ओतून पार गार करायचे आणि मग, "आज चहात दम न्हाई," म्हणून तक्रार. पण सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांचं फोटोशी बोलणं. कागद हातात आला की ते समोरच्या माणसाकडं बघतसुद्धा नसत. फोटोलाच अदबीनं विचारत, "काय साहेब, कवा निघाले घरून? हा तुमच्यासंगं कोन आला?" मग चष्म्यावरून माणसाकडं बघून, "काय रे, हे कोन गृहस्थ हायेत?" फोटोला अहो आणि माणसाला अरे. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "फोटो सरकारचा असतो, माणूस आपला असतो. सरकारला अरे म्हनता येतं का येड्या?"

फोटोचं झालं की खरी तपासणी. "घरचा नंबर सांग," असं म्हणून काका स्वतः फोन लावत, आवाज मोठा करत आणि फोन टेबलावर ठेवत. मग हुकूम, "पाठमोरा उभा राह्य." पलीकडं आई असो, बायको असो, तिला सांगत, "जेवायला बोलावता तशी हाक मारा. दुसरं काई बोलू नका." त्या पत्र्याच्या खोलीत हजार कोसांवरून हाक यायची. मागं कुठं कुत्रं, कुठं भांडं पडल्याचा आवाज. माणूस वळायचा. डोक्याला कळायच्या आधी मान फिरायची आणि त्याचं तोंड असं दिसायचं, की आम्ही पाळीच्या रांगेतले खाली बघायचो. काका म्हणत, "कागद बनवता येतो, तोंड बनवता येतं. ही मान बनवून आना म्हनावं कुनी."

या पद्धतीचे घोळही कमी झाले नाहीत. बिहारच्या एका म्हातारीनं फोनवरून "बबुआ होऽ" अशी काही आर्त हाक दिली, की ज्याच्यासाठी होती तो तर वळलाच, पण मागची सगळी रांग वळली. दारातला वॉचमन इथल्याच हसनाबादचा, बिहारशी त्याचा काही संबंध नाही, तोही वळला. काका फोनकडं आणि रांगेकडं आळीपाळीनं बघत राहिले. "माय माझे," ते फोनला म्हणाले, "हे समदे तुमचेच का?" आम्ही पोट धरून हसलो. पण वॉचमन हसला नाही. त्याची आई जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि ती हाक आपल्या डाव्या कानाजवळून आली असं तो शपथेवर सांगत होता.

आणि एकदा हाकेला कुणीच वळलं नाही. झारखंडचा पोरगेला माणूस. कागद सगळे बराबर, फोटोही जुळणारा, नाव बिरजू. पलीकडून आईनं हाक मारली, "बिरजू..." पाठ हलली नाही. परत मारली. पाठ हलली नाही, पण शर्ट थरथरायला लागला. तिसरी हाक मात्र निराळीच होती. ती आमच्या खोलीतल्या कुणाला नव्हतीच, ती बाई दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होती. भट्टीचा एवढा आवाज, पण त्या वेळी मला तो ऐकू आला नाही. काका टेबलावर वाकले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, अब दुसरे कू बुलाव." पलीकडून हाक आली, "मुन्ना." आणि तो वळला. बिरजू त्याचा थोरला भाऊ, वारलेला. त्याच्या कागदांवर हा कामाला लागायला आला होता. काकांनी कागद नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवले. सही केली नाही, ओरडलेही नाहीत. "भावाला घरी नेऊन ठेव. मायला दोघांना हाका मारायला लावू नको. तुझे कागद काढ आन् ये, मी जागा धरतो." मुन्ना दिवाळीनंतर आपल्या नावानं आला आणि अजून आहे.

आता माझं. मी पैनगंगेपलीकडच्या, तेलंगणातल्या मराठी गावचा. सहावीत शाळा सुटली ती सुटली. मला आजीनं वाढवलं. ती गेली आणि घराला चुलत्यानं कुलूप लावलं. कागद माझे चोख होते, पण हाक मारणारं कुणी नव्हतं. गेटवर सही झाली नाही तर परत जायचं ते कुलपाकडंच, एवढं एकच डोक्यात घुमत होतं, आणि मी हातातले कागद परत परत असे मोजत होतो, की काका म्हणाले, "बस खाली. पाठमोरं नंतर उभा राह्य." मला फक्त आमच्या हापशाजवळच्या दुकानाचा नंबर पाठ होता. काकांनी लावला. दुकानदार म्हणाला, "थांबा, बघतो कुणी हाय का," आणि फोन गल्ल्यावर तसाच ठेवून गेला. मी भिंतीकडं तोंड करून उभा. कुणी येणार नाही हे मला माहीत होतं. फोनमधून कोंबडी ऐकू आली, एक मोटारसायकल गेली, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग आमचा हापसा. आधी किरर्र, मग मधे तो श्वास घेतल्यासारखा थांबा, मग पाणी. आजी घागर भरत असताना मी रोज ज्या आवाजाला उठायचो, तो. मी कधी वळलो ते मला कळलं नाही. काका सही करत होते.

"कुणी हाक मारली नाही काका," मी म्हणालो.

"मारली की. म्या ऐकली."

"कोणी?"

त्यांनी पास माझ्या हातात दिला आणि माझ्या मागं, रिकाम्या दाराकडं बघत विचारलं, "घरी काय म्हनत होते तुला?" मी सांगितलं, नान्या. त्या दिवसापासून पाळी बदलताना ते गेटवरून एकदाच ओरडायचे, "नान्याऽ!" मी वळायचो. काम काहीच नसायचं. "हाक बंद झाली की मानूस नुसता कागदावर राह्यतो," म्हणायचे, आणि गार चहाला नावं ठेवायला लागायचे.

मग गेटवर यंत्र आलं. त्याच्यापुढं उभं राहायचं, डोळे मिचकावायचे, हिरवी खूण आली की आत. यंत्र चुकत नाही, मी त्याला नावं ठेवणार नाही. मलाही त्यानं एका क्षणात ओळखलं. मी त्याच्यासमोर थोडा जास्तच उभा राहिलो, अजून काही विचारेल म्हणून. काकांना मात्र ते "डोळे मिचकावा" म्हणालं तेव्हा काका म्हणाले, "अहो, आधी वळख तर होऊ द्या!" पुढं त्यांची खुर्ची काढली, आणि ते मुलाकडं पिंपळगाव रेणुकाईला निघून गेले.

मागच्या उन्हाळ्यात मी भोकरदनच्या गाडीनं तिकडं गेलो. काका अंगणात बसलेले, स्वेटर तोच, पाठ भिंतीला. त्यांना आताशा काही आठवत नाही, सूनबाईंनी सांगितलं. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मी घाबरून गेटचा पास काढून त्यांच्या हातात दिला, दुसरं काय सुचणार. त्यांनी चष्मा सावरला, माझ्या फोटोकडं बघून नमस्कार केला. "या साहेब," फोटोला म्हणाले. "लई दिवसांनी. आन् हा तुमच्यासंगं कोन?" मी हसलो. परतीच्या गाडीत मात्र मला हसू येईना. आपल्याला हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नाही, असं सारखं वाटत होतं.

गेल्या महिन्यात दुपारी मी रोलरवर होतो. तिथं शेजारचा कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. आणि मी वळलो. हात काम करत होता, मान फिरली होती. मागं नुसता पत्रा. समोरून मुन्ना हाताच्या खुणेनं विचारत होता, काय झालं? पाळी सुटल्यावर मी पिंपळगावला फोन लावला. मनात नको ते येत होतं. सूनबाईंनी उचलला. म्हणाल्या, "न्हाई हो, बरे हायेत की. चहा पिऊन राह्यलेत. दुपारी तेवढे एकदम उठले आन् फाटकाकडं तोंड करून वरडले. म्या म्हनलं, कुनाला बोलावून राह्यलात मामंजी, तर काईच सांगंनात. नान्या कोन हो तुमच्यात?"

मी सांगितलं, मीच. मागून काकांचा आवाज येत होता, चहात दम नाही म्हणून.