हैश्या न म्हणता

गुरुवारी दुपारी पत्रा मोडल्याचा आवाज झाला आणि त्यामागून गाढव ओरडलं. नूरमोहम्मदनं हातातली भाकरी ताटात टाकली आणि अनवाणीच धावत सुटला.

तळवड्यात गुरुवारी कारखाने बंद असतात. एरवी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या दणक्यात शेजारचा माणूस बोललेला कळत नाही, पण त्या दिवशी गल्ली गप्प होती. त्यामुळे ओरडणं कुठून येतंय ते लगेच कळलं. त्याच्या खोलीच्या मागे एका नव्या शेडचं बांधकाम चाललं होतं. तिथं मोठ्या प्रेसच्या पायासाठी खड्डा खणला होता, दीड पुरुष खोल. वर नुसते पत्रे अंथरले होते. पत्र्यांच्या कडेनं हिरवं गवत माजलेलं, आणि त्या गवतासाठी मुकादम पत्र्यावर गेला होता.

मुकादम म्हणजे ते गाढव.

खाली गुडघाभर गढूळ पाणी होतं. इंद्रायणी जवळ, पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे जमिनीतून पाणी झिरपत होतं. मुकादम चारी पायांवर उभा होता, पण पुढचा डावा पाय टेकत नव्हता. तो वर बघत होता. एका बाजूची माती मध्येच सुटायची आणि पाण्यात पडायची.

"उभा ऱ्हा," नूरमोहम्मद म्हणाला. "हलू नको. आलोच."

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. तसा तो चाकणचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि जन्मभर आवाजावरच जगलेला माणूस. तो खलाशी होता. समुद्रावरचा नव्हे. कारखान्यात अवजड यंत्र उतरवायचं, सरकवायचं, पायावर बसवायचं, ते पहारी, रूळ आणि दोर घेऊन करणाऱ्यांना इकडे खलाशी म्हणतात. भोसरीपासून चाकणपर्यंत कितीतरी यंत्रं त्याच्या टोळीनं जागेवर बसवली. टोळीचा मुकादम तोच. मुकादम दोर ओढत नाही, हाळी देतो. "जोर लगा के" असं तो म्हणायचा, टोळी "हैश्या" म्हणायची, आणि त्या एका शब्दावर सगळ्यांचे खांदे एकदम पडायचे. ज्याचा खांदा शब्दाच्या आधी किंवा नंतर पडला त्याला दुसऱ्या दिवशी टोळीत जागा नसायची. मेहनत सगळेच करतात, नूरमोहम्मद म्हणायचा, पण एका वेळी केली तरच ती मेहनत. नाहीतर नुसता घाम.

पुढे क्रेनच्या गाड्या आल्या आणि टोळी पांगली. बायको रहमतबी गेली. मुलगी रुक्साना लातूरला दिलेली. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "बरा हाय," आणि तेवढ्यावर फोन संपायचा. रहमतबीच्या मागे त्यानं दाराला कडी लावली ती बऱ्याच जणांसाठी लावली. टोळीतला ज्योतीराम, दोराच्या पहिल्या जागेवर उभा राहणारा माणूस, भेटायला आला तेव्हाही ती उघडली नाही. ज्योतीराम पुढच्याच गल्लीत गोदामावर राखणीला होता. तरी दोघं एकमेकांना चुकवून जायचे.

गाढव आलं ते नदीकाठची वीटभट्टी बंद पडली तेव्हा. मालकानं धडधाकट जनावरं नेली आणि हे कमरेत अधू असलेलं सोडून दिलं. ते नूरमोहम्मदच्या दारात येऊन उभं राहिलं. हा चाळीवरच्या नळाचं पाणी पिंपात भरून ढकलगाडीवरून आणायचा, आणि ते गाढव लांबून बघत राहायचं. "स्वतः काय करायचं न्हाई, दुसऱ्याचं काम बघत उभं ऱ्हायचं," नूरमोहम्मद एक दिवस त्याला म्हणाला. "मुकादमच हायेस की रं." नाव तिथंच पडलं.

मग एकदा चढावर गाडी अडली. चाक खड्ड्यात. नूरमोहम्मदनं सवयीनं खांदा लावला आणि तोंडातून निघून गेलं, जोर लगा के, हैश्या. मागून काहीतरी गाडीला भिडलं. गाढवानं छाती लावली होती. गाडी वर गेली. त्यानंतर रोज तसंच होऊ लागलं. काठी नाही, लगाम नाही. हा हैश्या म्हणायचा आणि गाढव अंगातलं सगळं बळ एका वेळी लावायचं. टोळीत असतं तर पहिल्या जागेवर उभं केलं असतं, असं नूरमोहम्मदला वाटायचं. संध्याकाळी तो त्याच्याशी बोलायचा. फोनवर न सांगितलेलं सगळं.

आता ते खड्ड्यात होतं.

पहिली धावून आली ती कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणारी सुभद्राबाई. तिनं अग्निशमनला फोन लावला. ते लांब कुठंतरी आगीवर होते. येतो म्हणाले, पण वेळ लागेल. मग गणराज आला. त्याचा जेसीबी त्याच आवारात उभा होता.

"चाचा, टेन्शन घेऊ नका. पट्टा बांधू, बकेटला लटकवू, दोन मिनिटांचं काम आहे राव."

त्यानं मशीन पुढे घेतलं. पुढची चाकं कडेला यायच्या आतच कड चिरली आणि टोपलीभर नव्हे, गाडीभर माती खाली गेली. मुकादम किंचाळला. पाणी त्याच्या मांडीला लागलं. गणराजनं मशीन मागे घेतलं आणि खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. "वजन सोसणार नाही ही कड. आणखी एकदा आलो तर गाडलाच जाईल तो."

नूरमोहम्मद आधीच खोलीकडे निघाला होता. पलंगाखाली त्याचा मनिला दोर होता, दोन कप्प्या होत्या आणि एक रुंद पट्टा. धंदा गेला तरी त्यानं दोर कधी विकला नव्हता. चेन-कप्पी हवी होती, पण ती आणायला मोशीपर्यंत जावं लागलं असतं, आणि माती तेवढी थांबणार नव्हती. दोर ओढायला माणसं हवी होती.

परत येतो तर खड्ड्याच्या काठी ज्योतीराम उभा. सुभद्राबाईनं बोलावलं होतं. सोबत टोळीतलाच धम्मरत्न, आता एका कंपनीच्या गेटवर असतो, तो गणवेशातच आला होता. शेजारच्या पावडर कोटिंगच्या कारखान्यातले दोघं बिहारी भाऊही होते.

ज्योतीराम पुढे झाला. दोराचं टोक हातात घेतलं, वळ तपासले, आणि धम्मरत्नला म्हणाला, "दोर चांगला ठिवलाय. दार तेवढं बंद ठिवतंय."

नूरमोहम्मद कप्प्या मोकळ्या करू लागला.

काम मात्र जुन्या पद्धतीनंच झालं. बांधकामाच्या परांचीचे तीन लांब पाइप बांधून खड्ड्यावर तिपाई उभी केली. पायांखाली फळ्या टाकल्या, म्हणजे वजन कडेवर न येता लांब पसरेल. नूरमोहम्मद शिडीनं खाली उतरला. एकच पट्टा होता. तो छातीमागून घेतला. मागच्या पायांपुढे गोणपाटाची चौपदरी घडी करून दोर गुंडाळला, म्हणजे पोटाला काचणार नाही. मुकादमनं त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं होतं आणि तो थरथरत होता. "झालंच," नूरमोहम्मद म्हणत होता. "झालंच आता."

तो वर आला. पाचजण दोराला लागले, सुभद्राबाई पदर खोचून शेवटच्या जागेवर. ज्योतीराम पहिल्या. नूरमोहम्मद तिपाईजवळ आपल्या जागी उभा राहिला. किती वर्षांनी. त्यानं दम घेतला आणि हाळी दिली.

"जोर लगा के..."

"हैश्या!"

दोर ताठ झाला, मुकादमचे पाय पाण्यातून सुटू लागले, आणि त्याच क्षणी मुकादमनं छाती लावली. हैश्या ऐकला की जे करायचं ते त्यानं केलं. सगळं बळ पुढे टाकलं. पट्टा मागे सरकला, मागचा भाग घसरला, दोर तिरका झाला, तिपाईचा एक पाय फळीवरून निसटला. ज्योतीरामनं पाय रोवून दोर धरला म्हणून जनावर आपटलं नाही, पण पाण्यात पडलं. खड्ड्याची समोरची भिंत अर्धी खाली आली. मातीत मुकादमचे मागचे पाय रुतले.

"असं कामून करायलंय हे?" ज्योतीराम ओरडला. "उचलायलोत त्याला, अन्‌ हे पळायला बघायलंय!"

नूरमोहम्मदनं खाली बघितलं. मग हळू म्हणाला, "त्याची चूक न्हाई. मीच शिकवलंय. हैश्या म्हटलं की जोर लावायचा."

खाली मातीचं आणखी एक ढेकूळ पडलं.

"मंग हैश्या म्हणायचं न्हाई," तो म्हणाला.

"न म्हणता कसं ओढायचं?" धम्मरत्न म्हणाला. "हात एकदम पडणार नाहीत, नूरभाई. एकाचा आधी, एकाचा मागं. दोर हिसकेल."

"ज्योती हात दाखवंल. त्याचा हात बघून ओढा. एक चकार शब्द न्हाई."

"आन्‌ तू?"

"मी खाली जातो. त्याचे कान धरायला कुणीतरी पायजे. पाय सुटंस्तोवर."

ज्योतीरामनं दोर सोडला आणि आडवा आला. "लटकत्या मालाखाली बाप असला तरी हुबा ऱ्हायचं नाही. कुणी शिकवलंय आमाला हे? दगडूला टोळीतून काढलं तू त्याच्यावरून."

"तवा माल लोखंडाचा होता."

"दोर सुटला तर तू बी जाशील अन्‌ ते बी जाईल. म्या हात दाखवणार न्हाय."

"तर मग धम्मा दाखवंल. त्याचा हात तुझ्याइतका सरळ पडत न्हाई, ते तुला ठाव हाय, मला बी ठाव हाय," नूरमोहम्मद म्हणाला आणि शिडीवर पाय ठेवला.

ज्योतीराम शिवी देऊन तिपाईजवळ गेला. निसटलेला पाय त्यानं स्वतः फळीवर बसवला आणि भोवती पहारी ठोकल्या. त्याची दोरावरची जागा गणराजनं घेतली.

खाली नूरमोहम्मदनं हातांनी माती उपसली, मागचे पाय मोकळे केले, पट्टा पुढे घेतला, आणि आता छातीवरून एक आडवा दोर बांधला, म्हणजे सरकायला नको. मग मुकादमचं तोंड छातीशी धरलं आणि दोन्ही कान तळव्यांनी झाकले. त्यानं वर बघून मान हलवली.

ज्योतीरामचा हात वर गेला, खाली आला.

पहिली ओढ वाईट पडली. धम्मरत्नचा खांदा आधी, गणराजचा मागून. दोरानं हिसका दिला. आवाजावर ओढणाऱ्यांना आता डोळ्यांनी ओढायचं होतं. धम्मरत्नचे ओठ हलताना दिसले तेव्हा ज्योतीराम त्याच्याकडं असा बघत राहिला की त्यानं दातात ओठ धरले. दुसरी ओढ बरी पडली. तिसरीला सगळे खांदे एकत्र गेले. मग ते लागलंच. हात पडायचा, दोर यायचा. कप्पीची कुरकुर आणि लोकांचा श्वास, याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

मुकादमचे पाय सुटले. नूरमोहम्मदला कान सोडावे लागले. आता हात पुरत नव्हते. बाजूला व्हायचं होतं, पण शिडीच्या बाजूची भिंत खचली, शिडी आडवी झाली, आणि चिखल कमरेपर्यंत आला. तो हलत्या गाढवाच्या बरोबर खाली अडकला. त्यानं वर हाक मारली नाही. हाक मारली असती तर मुकादमनं आवाजाकडं झेप घेतली असती.

ज्योतीरामला ते दिसलं. हात क्षणभर हवेत राहिला. ओढणाऱ्यांना खालचं दिसत नव्हतं. सांगितलं तर कुणीतरी दोर सोडून धावेल. त्यानं सांगितलं नाही. हात तसाच सरळ खाली आणला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि तो पुसत नव्हता.

गाढव कडेच्या वर आलं. बिहारी भावांपैकी एकानं पट्टा धरून ते बाजूला ओढलं, आणि ते चार पायांवर, खरं तर तीन पायांवर, गवतात उतरलं.

"आता सोडा," ज्योतीराम म्हणाला. हात दाखवायला लागल्यापासूनचा हा पहिला शब्द. "आन्‌ पळा. खाली माणूस हाय."

लोक कडेला आले तेव्हा नूरमोहम्मद छातीपर्यंत चिखलात होता. गणराजनं आणि धम्मरत्ननं शिडी पुन्हा लावली आणि त्याला काखेतून धरून काढलं. तो गवतात बसला. मुकादम लंगडत आला आणि त्याच्या डोक्यावर नाक घासून उभा राहिला. पुढचा पाय सुजला होता, पण हाड सरकलेलं नव्हतं. नूरमोहम्मदनं बोटांनी चाचपून बघितलं, दोनदा.

सुभद्राबाईनं चहा आणला. ज्योतीरामनं घेतला नाही. दोर गुंडाळत उभा राहिला, वळावर वळ, ओला दोर जसा गुंडाळायचा तसा सैल. मग गाढवाकडं बघून म्हणाला, "ह्याला सांग, म्या त्याच्याशी बोलत न्हाय. नेम मोडणाऱ्याशी बोलायचं न्हाय मला."

नूरमोहम्मद गाढवाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "त्याला सांग, चहा थंड व्हतोय."

"ह्याला सांग, पायाला हळद अन्‌ चुना लावाय पायजे. घरात हाय का, इचार."

"चुना हाय. हळद संपलीय."

"लई मोठा मुकादम," ज्योतीराम गाढवाला म्हणाला, "घरात हळद न्हाय." त्यानं दोर खांद्यावर टाकला. "म्या घिऊन येतो गोदामातनं. दार उघडं ठिव म्हणावं त्याला. वाजवत बसणार न्हाय म्या."

नूरमोहम्मद उठला. तो मुकादमच्या चालीनं, म्हणजे अगदी हळू, खोलीकडे निघाला.