नवरीची बांधी

या साऱ्यात बाईंचा हात आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं नाव लिहिणार होते, पण त्यांनीच दटावलं, "माझं नाव कायले वं? गावाचं लिही."

बाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, आता निवृत्त. वर्धेकडून नोकरीला आल्या आणि इथल्याच झाल्या. चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं. सातवीत मी शाळा सोडली आणि बायांच्या टोळीत धान रोवायला जाऊ लागले. आता पुण्याजवळ मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करते. कामठ्याकडचं माझं गाव इथून फार लांब. गावाकडून फोन आला की अजूनही हातातलं लाटणं तसंच टाकून धावते.

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवायचं ठरलं. तलाव, देवळं, जुनी झाडं आणि प्रत्येक बांधी. आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. गावातल्या पुरुषांनी गट नंबर काढून दिले. बाईंनी विचारलं, "अन् नावं कुठं आहेत?" नावं कोणालाच धड येईनात. ती बायांकडे असतात. रोवणाऱ्या टोळीला गट नंबर सांगून भागत नाही. 'आज उपाशी, उद्या मोहाची' असं सांगावं लागतं. उपाशी एवढी मोठी, की ती संपेपर्यंत शिदोरी सोडायची नाही असा टोळीचा नेम होता. टोळीतल्या म्हाताऱ्या बहुतेक गेल्या; उरलेल्यांना नावं ऐकली तर ओळखू येत, ओळीनं आठवत नसत. चौदा पावसाळे मी त्यांच्यात काढले होते, म्हणून बाईंनी माझं नाव सुचवलं.

सभेत कोणीतरी म्हणालं, "सातवी सोडलेली पोरगी का इतिहास सांगन, बाई?"

"मग तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "डोकरीच्या बांधीतली डोकरी कोण होती?"

ती म्हातारी कोण ते बाजूलाच राहिलं, नावं सांगायचं काम माझ्याकडे आलं. हे मला नंतर वहिनीनं सांगितलं.

दुपारी भांडी आवरली की मी गच्चीवर जाऊन बसायची, फोन कानाला, डोळे मिटलेले. तलावाच्या काठच्या पाळीवरून मनातल्या मनात उतरायची आणि धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधाबांधानं, चालत नावं सांगायची. मोहाची, उपाशी, डोकरीची, सापकोनी. बाई लिहून घ्यायच्या. प्रत्येक नावाला विचारायच्या, "कधीपासूनचं?" मी म्हणायची, "आजीच्याही आधीपासून." त्याच ओघात नवरीची बांधी आली. तिथंही मी तेच म्हणून गेले.

ते खोटं होतं. मी शाळा सोडली त्याच पावसाळ्यात माझी वहिनी पहिल्यांदा रोवायला आली. हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या, अंगावर लग्नातली पिवळी साडी, आणि धुऱ्यावरून पाय सटकून ती सरळ चिखलात बसली. टोळी दिवसभर हसली. दुसऱ्या दिवसापासून ती नवरीची बांधी. मला वाटलं, एवढं नवं नाव आहे म्हटलं तर बाई ते गाळतील. आमच्या घरातून गावाला गेलेलं तेवढं एकच नाव होतं.

दिवाळीनंतर, गावच्या मंडईच्या जत्रेआधी, भिंतीचा फोटो मोबाइलवर आला. नवरीच्या बांधीखाली रंगवलं होतं, 'अतिप्राचीन'. मागोमाग वहिनीचा आवाज: "ननंदबाई, माह्या डोक्यात अजून चार केस नाही पिकले, अन् तुमी मले अतिप्राचीन करून टाकलं? लोक सांगून राहिले का जुन्या काळी तिथं नवरी बुडून मेली. पोट्टे भेवून राहिले तिकडं जायले!"

ती हसत होती. मला मात्र बाई आठवल्या. बाईंनी भर सभेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. एक नाव खोटं निघालं तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? बाईंकडे लोक कसे बघतील? दोन दिवस माझ्या पोळ्या करपत होत्या. तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाकीची नावं?"

"खरी आहेत, बाई. आईची शपथ."

"शपथ नको. टोळीतल्या तिघी अजून आहेत, त्यांना वाचून दाखवते." मग म्हणाल्या, "काऊन लपवलं वं? डोकरी कोण, कोणाले माहीत नाही. या एका नावाचा जन्म पाहिलेली बाई जिवंत आहे, अन् तूच ते झाकून राहिली?"

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. तिघींनी सगळी नावं ओळखली होती. उपाशी कोणाची यावरून त्या भांडल्यासुद्धा. मंडईच्या दिवशी नवा फोटो आला. 'अतिप्राचीन' पुसून लिहिलं होतं: 'पहिल्या रोवणीला आलेली नवी सून इथे घसरली, म्हणून.' भिंतीपुढे वहिनी कमरेवर हात ठेवून उभी होती, निवडून आल्यासारखी. तो फोटो मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना दाखवला.

तिघींनी नावं ओळखल्याचं सांगितलं, त्याच फोनवर बाई ठेवता ठेवता एक बोलल्या. सगळी नावं त्यांनी लिहिली, पण एकाही बांधीत त्या कधी उतरल्या नव्हत्या. आधी शाळा होती, आता गुडघे. तेव्हा हे लिहून ठेवते. पुढच्या रोवणीला मी सुट्टी घेऊन येईन. बाई, तुम्हाला बैलबंडीत बसवून पाळीपर्यंत नेईन, तिथून हात धरून एकेका धुऱ्यावर. नवरीच्या बांधीत आपण दोघी पाय बुडवू. घसरलात, तर मी धरीन.