शिळेची खालची रांग

ट्रॉय या आमच्या उपनगरातून ड्राइव्ह करून मी शहरातल्या म्युझियममध्ये जातो, ते बहुतेक वेळा चिडायलाच. त्या रविवारी चिडलो ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी बुद्धशिळेवर. गावकऱ्यांनी वर्गणी काढून ती घडवली होती, आणि शेजारच्या भाषांतरात पहिलंच मागणं होतं, सम्राटाचं कल्याण होवो.

“घाम गावाचा आणि पुण्य सम्राटाला?” मी तिथल्या म्हाताऱ्या चिनी गार्डला विचारलं.

तो हसला. गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि शिळेच्या तळाशी टॉर्च मारला. तिथे बोटभर उंचीची माणसं रांगेनं उभी होती, प्रत्येकाशेजारी त्याचं नाव. दगडाला बोट लागू न देता तो एकेक नाव वाचत गेला, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

“कोण असतील हो हे?”

“वर्गणी देणारे गावकरी. कोणीही. सम्राटाला पहिली ओळ दिली, की बाकीचा दगड आपला,” तो म्हणाला. मग टॉर्च विझवला. “उद्या नवा चौथरा बसतोय. ही रांग त्यात झाकली जाणार.”

“मग तक्रार करा ना!”

“अभिप्रायाचं कार्ड स्टाफला भरता येत नाही. तू भर.”

मी चळवळीची पत्रकं लिहायच्या सवयीनं तावातावानं लिहिलं. त्यानं खांद्यावरून वाचलं. “संचालकांना शिव्या कशाला? ते पुढचं वाचणारच नाहीत.”

मी कार्ड फाडलं. नव्या कार्डाच्या पहिल्या ओळीत संचालकांचं भरभरून कौतुक केलं. बाकीचं सगळं कार्ड त्या रांगेला दिलं.