पुसलेली नोंद

मंडळी, आम्ही चौघं मिळून हिशेबाचं मोफत सॉफ्टवेअर बनवतो. वापरणाऱ्यांच्या सूचनांना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडं.

आज सकाळी माकणीहून बचत गटाच्या सचिव अनिताताईंचा फोन आला. "दादा, चुकलेली नोंद पुसली की गायबच व्हतीय. वहीत आमी आडवी रेघ मारून बाजूला सही करतो. तशी सोय द्या की."

म्हटलं, "ताई, पुसल्यावर पान स्वच्छ दिसतं ना!"

"म्हणूनच बाया इचारत्यात, हिनं काय लपवलं?"

हीच मागणी त्यांनी मागं आमच्या साइटवर लिहिली होती. माझं उत्तर होतं, 'गरज नाही.' आज ते गुपचूप पुसायला गेलो अन् थांबलो. त्यावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'चुकलो. काम सुरू केलंय,' आणि नाव टाकलं.

आता ते सगळ्यांना दिसतंय. दिसू द्या.