मी धरलेली कॉलर
शेंगाचटणीचा वास आला की वळसंगचा फाटा आठवतो, एस.टी.ची वाट बघत आम्ही नवरा-बायकोनं तिथं एका भाकरीवर चटणी खाल्ली होती. "लई तिखट लागलं न्हवं? थांबा, पाणी आणते," म्हणत ती रस्ता ओलांडायला गेली आणि कारनं तिला उडवलं. गाडी लगेच थांबली, चालवणारा उतरून धावत आला. "आजोबा, त्यांना हलवू नका, अँब्युलन्सला फोन लावतोय," म्हणाला. मी त्याची कॉलरच धरली. "पळतोस व्हय रं?" माझं ऐकून फाट्यावरची माणसं त्याच्यावर तुटून पडली, त्याचा मोबाईल फुटला, आणि ती तिकडं डांबरावर कण्हत होती. शेवटी चहावाली ओरडली, "मुडद्यांनो, आधी म्हातारीकडं बघा की!" तवा कुणीतरी फोन केला. सोलापूरला पोचेपर्यंत ती गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं. संध्याकाळी तिला अग्नी दिला. भावकी म्हणाली, "पळत हुता असंच सांग, न्हायतर सुटंल त्यो." दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पोलीस ठाण्यात गेलो. म्हणालो, "साहेब, त्यो पळत न्हवता. फोन लावत हुता, मीच धरला. तसं लिवा." हवालदाराकडनं ते दोनदा वाचून घेतलं आणि खाली सही केली.