सरांचं भरतीचं गणित

सोनवणे सरांपुढून भाजीची पिशवी घेऊन कुणी सुखाने घरी गेलं नाही. सुरतेत बमरोलीच्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी खुर्ची टाकून ते बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे. "इंदूबाई, समुद्र खारट, मग त्याच्या वाफेचा पाऊस गोड कसा?" ठाऊक नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. उत्तर मात्र कधी सांगायचे नाहीत. "विचार करा, विचार करा," म्हणत पुढचं गिऱ्हाईक शोधायचे. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर आणि मी चौथी शिकलेली, साड्यांना लेस लावणारी बाई. मला हरवून त्यांना काय मिळायचं कोण जाणे.

त्यांची बायको विमल गुडघ्यांनी अधू. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भांड्यांवर बसायचा, तो ती चिंचेने घासत असायची. सर दारात उभं राहून तिला विचारायचे, हा थर कोणत्या क्षाराचा? भांड्याला हात म्हणून लावायचे नाहीत.

खाडी आमच्या बिल्डिंगच्या मागेच. समुद्राला भरती असली की तिचं पाणी पुढे सरत नाही, पावसाचं पाणी उलटं गटारातून घरात येतं. त्या श्रावणातल्या पौर्णिमेला सकाळीच सरांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. मी दोन धडधाकट गडी घेऊन खाली गेले. विमलला उचलून वर माझ्याकडे न्यायचं होतं.

सर हसले. बोटांवर हिशेब करून म्हणाले, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. मग ओहोटी. पाणी आपोआप उतरणार, कशाला हा तमाशा?"

विमल म्हणाली, "ताई, मला न्या."

"अगं, जेवणवेळेला तूच स्वतःला हसशील," सर म्हणाले. एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर गडी निघून गेले. एकटीने तिला उचलणं मला जमणारं नव्हतं.

दुपारी पाणी कॉटच्या वर आलं. विमल दाराकडे निघाली, घसरली आणि तिचा खुबा मोडला. सर तेव्हा गच्चीवर उभे राहून खाडी उतरली का ते बघत होते.

पाऊणपटीचं ते गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं. सुरतेला भरती त्यानंतर काही तासांनी येते. ही गोष्ट नंतर सरांनीच कुठेतरी वाचली. दुसऱ्या माणसाने तोंड लपवलं असतं. सरांना नवा प्रश्न मिळाला. विमलला भेटायला माणसं आली, तर तिच्या उशाशी बसून विचारू लागले, "सांगा बरं, भरती आधी कुठे? मुंबईला की सुरतेला?"

विमल पडल्या पडल्या बोलली, "सुरतेला नंतर. मला विचारायचं की. मी पाण्यातच होते."

"शाबास," सर म्हणाले. खरोखर खूश झाले होते.

विमलने माझ्याकडून फोन मागून घेतला आणि भावाला लावला. तो गाडी घेऊन आला आणि तिला शहाद्याला घेऊन गेला. ती परत आली नाही. सर फाटकाशी बसतच राहिले.

गेल्या थंडीत सर वारले. मी शहाद्याला फोन केला. विमलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मला आता उचलून कोण आणणार? तुम्हीच उरका."

आम्ही उरकलं.